खुन्याचं पारायण

आधी अव्वाचं सांगतो. लातुरात मला खोली तिनं दिली, आणि एका श्रावणात ती खोली हातची जायची वेळ आली तेव्हा राखली तीही तिनंच. खोली जायची वेळ आली ती एका रशियन खुन्यामुळं, पण त्याचा नंबर अव्वाच्या मागं.

अव्वा माझ्या नात्यातली नाही. त्या लिंगायत घरात आजीला अव्वा म्हणतात, म्हणून गल्ली म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. तिचा नवरा किराण्याचा व्यापारी होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. घर तिच्या नावावर. मुलगा आणि सून तिच्याजवळच राहायचे. मुलाला मी अण्णा म्हणायचो, सुनेला वहिनी. अण्णांचं मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, बी-बियाण्याचं दुकान.

मी नायगावकडचा. नववीत शाळा सुटली आणि पुढं दाळ मिलवर लागलो. सुरुवातीला मिलमध्येच पोत्यांवर झोपायचो. तुरीचा कोंडा नाकातोंडात जाऊन असा खोकला लागला की दवाखान्यातल्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, काम कर पण तिथं झोपू नको. म्हणून खोली शोधायला निघालो. लातुरातल्या सगळ्या खोल्या क्लासच्या पोरांसाठी. दार उघडलं की पहिला प्रश्न, "डॉक्टरकीचं का इंजिनिअरिंगचं?" मी म्हणायचो, "तुरीचं." लोक दार लावून घ्यायचे.

अव्वानं वेगळंच विचारलं. "सकाळी बंब पेटवशील का?"

पेटवीन म्हणालो. मागच्या अंगणातली खोली मिळाली. आदल्या वर्षी तिथं डॉक्टरकीची तयारी करणारा एक पोरगा राहून गेला होता. मी पहाटे लाकडं फोडायचो, बंब पेटवायचो आणि पहिल्या पाळीला जायचो. खोकला थांबला. गावाकडं वडील सगळ्यांना सांगत होते की पोरगं लातूरला बसलं. त्यामुळं ही खोली गेली तर माझं नुसतं सामान नायगावला जाणार नव्हतं, वडलांची मानही त्याच एसटीनं परत जाणार होती. मला रोज वाटायचं, आज काहीतरी चुकणार. बंब जास्त तापला तरी वाटायचं, कमी तापला तरी.

श्रावणात अव्वाकडं दुपारी पोथी बसायची. वाचायला गल्लीतल्या एक निवृत्त बाई यायच्या. त्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेल्या आणि जाताना पोथीही बरोबर नेली, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. अव्वाला मोतीबिंदूमुळं दिसत नव्हतं, वहिनींना वाती-नैवेद्यातून सवड नव्हती. मी पाळीवरून येऊन हातपाय धुवत होतो.

"तुला वाचता येतंय न्हवं?" अव्वा म्हणाली.

"हाव, पर लई हळू येतंय."

"पोथीला काय घाई हाय?"

देवळीत लाल फडक्यात बांधलेलं एक जाड गाठोडं होतं. वहिनींनी ते चौरंगावर ठेवलं, वर विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला. नारळ फुटला. गल्लीतल्या बायका हात जोडून बसल्या. फडकं सोडायचं काम वाचणाऱ्याचं, म्हणून मी सोडलं. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली पानं गळालेली. जिथून होतं तिथून बोट ठेवून सुरू केलं.

एक तरुण विद्यार्थी असतो. उन्हाळा असतो. तो भाड्याच्या खोलीत राहतो आणि घरमालकिणीला चुकवून जिना उतरतो. मला वाटलं, देव पुढच्या पानावर येईल. पुढच्या पानावर विद्यार्थी एका म्हातारीकडं वस्तू गहाण ठेवायला गेला. मला वाटलं, ही म्हातारीच देवी असेल, परीक्षा बघत असेल. बायकांनाही तसंच वाटलं असणार, कारण म्हातारीचं नाव आलं की त्या नमस्कार करायच्या. एकेका माणसाला तीन-तीन नावं होती आणि एकही मला धड वाचता येत नव्हतं; ती रशियन नावं आहेत हे फार पुढं कळलं. अव्वा म्हणाली, "देवाला बी लई नावं असतेत. तू आपलं विद्यार्थी आन म्हातारी म्हण." तसं करून पोथी बरी चालली.

मला शंका आली नव्हती असं नाही. पण नारळ फुटलेला, बायका बसलेल्या, मी नववीतून सुटलेला. मोठ्या गावातली पोथी अशीच असेल म्हणून वाचत राहिलो.

मग एका दुपारच्या वाचनात त्या विद्यार्थ्यानं कोटाच्या आत कुऱ्हाड अडकवली आणि तो म्हातारीच्या घरचा जिना चढला. मी शब्दाला शब्द लावत होतो, त्यामुळं कुऱ्हाड खाली यायला फार वेळ लागला. शेजारच्या वखारवाल्या काकूंची जपमाळ थांबली. वहिनी वाती वळत होत्या, त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला. म्हातारी मेली. एवढ्यात तिची गरीब बहीण, जिचा कशात काही संबंध नव्हता, ती दारातून आत आली. तिलाही मारलं.

अव्वा म्हणाली, "निवद दाखवायचा राहिलाय. दाखवा." वहिनींनी खुनाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला.

"अव्वा," काकू म्हणाल्या, "ही कसली पोथी म्हणायची?"

"राक्षस असतेत की पोथीत."

"राक्षस कोटात कुऱ्हाड लपवून जिना चढत न्हाईत."

वहिनींनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं. "अगं बाई. ही त्या डॉक्टरकीच्या पोराची हाय. खोलीत पडली हुती, पाय लागंल म्हणून मीच फडक्यात बांधून ठिवली आन इसरून गेले."

"मंग बंद करा," काकू म्हणाल्या.

"बंद कसं करता?" अव्वा म्हणाली. "नारळ फुटलाय. बसलेली पोथी अर्ध्यात उठिवली तर घराला लागतंय. आता त्या पोराचं काय व्हायचं ते हुईपतुर वाचायचं."

यावर कुणी वाद घातला नाही. माझा अंदाज आहे की त्याचं पुढं काय होतं हे काकूंनाही ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाकडं फोडायला गेलो तर अंगणातली कुऱ्हाड जाग्यावर नाही. वहिनींना विचारलं. "धार लावायला दिली," त्या दुसरीकडं बघत म्हणाल्या. त्या कुऱ्हाडीला माझ्यासमोर कधी धार लागली नव्हती. मी तुराट्या मोडून बंब पेटवला आणि दिवसभर मिलवर विचार केला. भाड्याच्या खोलीत राहणारा, घर सोडून लांब आलेला, घरमालकीण म्हातारी. हे सगळं माझं मलाच जुळलं. त्या दिवसापासून मी अव्वासमोर जाताना दोन्ही हात पुढं ठेवून जायला लागलो, हातात काही नाही हे दिसावं म्हणून. तिला दिसत नव्हतं, पण इतरांना दिसत होतं.

अण्णांच्या कानावर गेलं. ते मला दुकानाच्या मागं घेऊन गेले.

"बघ बाबा, तुझ्याबद्दल माझं कायच न्हाई. पर मोंढ्यात लोक इचारूलालेत, अव्वा बरी हाय का म्हणून. भाडेकरू म्हातारीला बसवून भाडेकरूनं म्हातारी कशी मारली ते वाचून दाखवतोय, हे बरं दिसतंय का? पोथी संपली की खोली खाली कर."

मी हाव म्हणालो.

त्या दिवशी माझा आवाज बसलेला ऐकून अव्वानं कारण विचारलं, आणि वहिनींनीच हळूच सांगून टाकलं. अव्वा एवढंच म्हणाली, "वाच."

पुढं त्या विद्यार्थ्याला ताप भरला. तो बडबडायला लागला. आणि मग त्याचं म्हणणं कळलं. एक कुजकी म्हातारी, कुणाच्या उपयोगाची नाही. ती गेली आणि तिच्या पैशानं शंभर जणांचं भलं झालं, तर त्यात पाप कुठलं? शिवाय मोठ्या माणसांना सगळं माफ असतं, असंही त्यानं कुठंतरी लिहून छापून आणलं होतं. नेमके त्या दुपारी अण्णा, आपल्या घरात चाललंय तरी काय हे बघायला, दाराशी येऊन उभे होते.

"मोठा कोन हे ठरवायचं कुणी?" अव्वानं विचारलं.

"ज्याचं त्यानंच, असं दिसतंय," मी म्हणालो.

"मंग सोपं हाय."

काकू जरा विचारात पडल्या होत्या. "पर अव्वा, हिशेब बघितला तर त्याचा हिशेब बराबर हाय. एक म्हातारी जाती, शंभर जण जगतेत."

"बरं," अव्वा म्हणाली. "मी कुणाच्या उपयोगाची हाय?"

"तुमचं येगळं."

"येगळं कसं? मी गेले की अण्णा हे घर पाडून होस्टेल बांधनार. पोरंच पोरं राहतील. त्यातली दोन तरी डॉक्टर हुतील. ते डॉक्टर किती लोकांला वाचवतील, काढ बरं."

काकूंनी खरोखरच बोटं मोजायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

"अव्वा, मी कवा म्हणलो होस्टेल?" अण्णा दारातून म्हणाले.

"नकाशा काढून आनलास की."

अण्णांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी वाती वळण्यात गुंतल्या होत्या. अण्णा खाली बसले. बसले ते रोज बसायला लागले. दुपारी दुकान कामाच्या पोरावर सोडून यायचे. त्यांचा राग वेगळाच होता. विद्यार्थ्यानं म्हातारीचा ऐवज एका धोंड्याखाली पुरून ठेवला आणि परत बघितलाही नाही, हे त्यांना सहन होईना. "वापरायचाच न्हवता तर मारलं कशाला?" ते रोज विचारायचे. तपास करणारा एक गोडबोल्या साहेब होता, तो विद्यार्थ्याशी इकडचं तिकडचं बोलून त्याला घाम फोडायचा. अण्णांना तो फार आवडला.

"पर त्या सायबाकडं पुरावा काय?" अण्णा म्हणाले. "कायच न्हाई. गप बसला तर सुटतंय येडं."

"ताप आलाय की त्याला," अव्वा म्हणाली.

"तापाचा पुरावा होतोय का अव्वा?"

"त्या सायबाला नसंल पुरत. त्याला सोताला पुरतोय." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "पोरा, पयल्या म्हातारीचं त्यो लई कायबाय सांगूलालाय. शंभर जण, मोठी मानसं. ती दुसरी, मधीच आलेली, तिच्याबद्दल काय म्हणतोय?"

मी मागची पानं चाळली. पुढची चाळली. बोट ठेवून ठेवून बघितलं. "तिचं नाव त्यो घेतच न्हाई म्हणलं तरी चालतंय, अव्वा. एखाद्या वेळी आठवण काढतोय आन लगेच दुसरं बोलतोय."

"मंग ताप तिचा हाय," अव्वा म्हणाली. "पयलीला त्याच्याकडं उत्तर हाय. खोटं का हुईना, हाय. दुसरीला कायच न्हाई."

मी शाळेत असतो तर अशा प्रश्नाला किती मार्क असतात ते कळलं असतं.

शेवटी विद्यार्थी चौकात गेला, गुडघे टेकून भुईला डोकं लावलं आणि चौकीत जाऊन कबूल झाला. भुईला डोकं टेकलेलं सगळ्यांना पटलं. काकू रडल्या. कबुलीच्या पुढची पानं कसरीनं खाल्लेली होती, त्यामुळं पोथी तिथंच संपली. आणि माझी खोलीही.

समाप्तीला पुरणपोळी होती. मी आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती, उगाच आयत्या वेळी गडबड नको म्हणून. जेवायच्या आधी मला पाटावर बसवलं, गळ्यात हार घातला, मांडीवर टॉवेल-टोपी आणि नारळ ठेवला. माझं लक्ष सगळं पिशवीच्या बंदाकडं, तो तुटका होता.

"अण्णा," अव्वा म्हणाली, "वाचनाऱ्याच्या पाया पड."

"अव्वा, मिलवरचं पोरगं हाय ते. माझ्याहून किती ल्हान."

"ल्हान असंल. पाटावर बसलाय तवर घरच्या कर्त्यानं पाया पडायचं असतंय. तुझा बाप पडत हुता. का समाप्ती अर्धीच ठिवायची?"

सगळी गल्ली बघत होती. अण्णा वाकले. मी पाय मागं घ्यायला गेलो तर पाट सरकला आणि वहिनींनी मला मागून धरलं. माझ्या टाचांच्या भेगांत तुरीचा कोंडा होता, त्याला अण्णांनी हात लावून कपाळाला लावला. वाचणाऱ्यानं आशीर्वाद द्यायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "चालतंय अण्णा."

अव्वानं लगेच विचारलं, "आता मला सांग, ज्याच्या पाया पडलास त्याला घरातनं काढतेत का?"

अण्णांनी टोपी नीट केली. काकूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वहिनींकडं जरा जास्त वेळ बघितलं. "काढतो कोन म्हणलं?" ते म्हणाले. "खोलीला चुना मारायचा हाय, म्हणून सामान भाईर काढ म्हणलो हुतो."

मग चुना मारणं भाग पडलं. गडी मिळेना म्हणून अण्णा स्वतः मारायला आले, मी बादली धरली. भिंत रंगवता रंगवता त्यांनी मला विचारलं, त्या धोंड्याखालचा ऐवज शेवटी कुणाला मिळाला असेल. मी म्हणालो, पुढची पानं नाहीत. ते म्हणाले, बघ, हेच म्हणतोय मी.

मी अजून त्याच खोलीत आहे. मिलवर आता पॅकिंगच्या मशीनवर बसतो. बंब मीच पेटवतो. अव्वा थकली आहे. परवा तिला म्हणालो, तू नसतीस तर मी नायगावला परत गेलो असतो. ती म्हणाली, "मी पोथी अर्ध्यात उठू दिली न्हाई, यवढंच केलं."

तिच्या दृष्टीनं तेवढंच असेल. मी मात्र ठरवलं आहे. लातुरात असो नाहीतर नायगावात, कधीतरी माझं घर होईल. दोनच खोल्या होतील, त्यालाही वेळ लागेल, आणि तोवर माझा जीव खालीवर होत राहील. पण त्यातली उजेडाची खोली अव्वाची. तिला मी स्वतः आणायला जाईन, आणि तिच्यासाठी सकाळचा बंब मीच पेटवीन.