उलाळ गाडी
सुकेळ्यांचा पुडा उघडला की वाळलेल्या राजेळी केळ्यांचा तो गोड वास मला सासऱ्यांच्या भुईगावच्या वाडीत नेतो. सत्तरच्या दशकातला नाताळ होता. मी खासगी कंपनीची मालवाहू विमानं उडवायचो आणि माझे साडू हवाई दलाची. माल दोघेही वाहायचो, पण सासुरवाडीत त्यांच्या मालाला देशसेवा म्हणत आणि माझ्या मालाला पार्सलं. "तुम्ही सिव्हिलवाले जरा वारा सुटला की चहा पीत बसता," साडू जेवताना म्हणाले आणि सगळे हसले. "मालाचं वजन पुढेमागे नीट वाटलंय, अशा कागदावर सही केल्याशिवाय आम्ही चाक हलवत नाही," मी म्हणालो, ते कोणी ऐकलंही नाही. दुपारी सासऱ्यांच्या बैलगाडीत केळीचे घड भरायला साडूच पुढे झाले आणि सगळं ओझं त्यांनी मागे रचलं. गाडी उलाळ होणार, मागच्या भाराने उलटी कलणार, हे मला लगेच दिसलं. एकदा तरी यांची फजिती होऊ दे, म्हणून मी गप्प बसलो. बांध चढताना गाडी मागे कलली, जू वर उचललं गेलं, बैलांचे गळे आवळले आणि पुढे बसलेले सासरे खाली पडले. साडूंनी धावत जाऊन जुवाला लटकत गाडी खाली आणली. "चूक माझी, मागे जास्त भरलं," धापा टाकत ते सर्वांसमोर म्हणाले. मला त्या कबुलीचाही हेवा वाटला. गुडघा चोळत सासऱ्यांनी मला विचारलं, "बाबा, तू तर रोज वजनं बघतोस, तुला दिसलं नाही?" "नाही," मी म्हणालो. नोकरीत एकाही खोट्या कागदावर सही केली नाही, हे मी नातवंडांना अजून छातीठोकपणे सांगतो. फक्त तेवढ्यात कोणी सुकेळी पुढे केली की गप्प होतो.