डाव्या करंगळीचा रंग

नखाला लावायच्या रंगाबद्दल भीडभाड न ठेवता खरं बोलणारी बाई सबंध सातारा-सांगली भागात एकच होती, आणि ती आमच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. ती माझी वहिनी. हे विधान मी करतोय म्हणून कुणी लगेच मान डोलवू नये. इंटरला तीनदा बसलेल्या माणसाच्या शब्दाला तेव्हा आमच्या घरातसुद्धा वजन नव्हतं. पण पारखी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. सोन्याचे पारखी पाहिले, बैलांचे पाहिले, तंबाखू नुसती हुंगून शेताचा बांध सांगणारे पाहिले. बाटलीतली काडी वर काढून, ओघळणाऱ्या थेंबाकडे एक डोळा मिटून बघत "ह्यो आळशी हाय" असं सांगणारी मात्र ही एकटीच. आळशी म्हणजे वाळायला वेळ लावणारा. तीन हात दिल्याशिवाय ज्याचा रंग दिसत नाही तो उथळ. दोन दिवसांत टोकाला टवके सोडतो तो पळपुटा. आणि एका हातात सरळ बसतो, कडेला फुगत नाही, राखेनं भांडी घासली तरी जागचा हलत नाही, तो घरंदाज. घरंदाज म्हणवून घेणारे रंग आजवर दोन-तीनच निघाले. माणसांना तिनं हा शब्द कधी लावल्याचं मला आठवत नाही. मला तर नाहीच.

हे रंग आणायचा माझा दादा. तो पलटणीत वायरलेसवर होता. वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचा आणि येताना कँटीनमधून एक बाटली आणायचा. बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरांत रंगाचं नाव असे. ते मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवायचो आणि वहिनी ते तितक्याच ऐटीत मोडीत काढायची. "आवं भावजी, नाव असं पायजे की डोळं मिटलं तरी रंग दिसाय पायजे." मग ती स्वतः बारसं करी. एकाचं नाव एस्टी, एकाचं पोस्टाची पेटी, एकाचं कंदी पेढा, एकाचं कोरेगावचा घेवडा. एका गुलाबी रंगाला तिनं 'मामंजींचा फेटा' असं नाव ठेवलं, आणि ते आमच्या वडिलांच्या कानावर गेलं. आपला फेटा बायकांच्या नखावर चढला या विचारानं ते दोन दिवस उघड्या डोक्यानं हिंडले. तिसऱ्या दिवशी आईनं तोच फेटा धुऊन, पिळून त्यांच्यापुढे टाकला आणि म्हणाली, "घाला आता. रंग चांगला टिकतोय म्हणं."

या वेडाचं मूळ सांगलीत होतं. वहिनीचं माहेर सांगलीचं आणि तिचे वडील हळदीच्या पेठेत हमाल. लहानपणापासून ती आईबरोबर हळकुंडं निवडायला बसायची. हळद अंगाची जाते, कापडाची मागे लागून घालवता येते, पण नखाच्या मुळाशी जी बसते ती बसते. शाळेत पोरी तिला कावीळ म्हणायच्या. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटल्याचं तिला फारसं दुःख झालं नाही, ते यामुळेच. लग्नात कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण लग्नात सगळ्यांचीच नखं पिवळी असतात. पण आठ दिवसांनी सगळ्यांचे हात निवळले आणि हिचे तसेच. वहिनी वाढताना हात पदराखाली घ्यायची. वरण पदरावर सांडायचं, पण हात बाहेर यायचा नाही.  पुढच्या सुट्टीला दादा आला तो बाटली घेऊन. "घे. एकदम फिट," एवढंच म्हणाला. त्याच्या बोलण्यात 'एकदम फिट'पेक्षा लांबलचक कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं दहाही नखं रंगवली. संध्याकाळी वडिलांना भाकरीत लाल टिकली सापडली. ती उजेडात धरून त्यांनी बराच वेळ विचार केला. काच नव्हे, कुंकू नव्हे, मिरची नव्हे. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि आईनं वहिनीच्या हाताकडे. दुसऱ्या दिवशी आईनं निवाडा दिला. "उजवा हात आमचा, डावा तुझा. थापायचं, वाढायचं, देवाचं करायचं ते उजव्यानं. डाव्याला काय करायचं ते कर." वहिनीनं तो तंतोतंत पाळला. याचा परिणाम असा झाला की आमच्या पेठेतल्या पोरींचा समज झाला, मुंबईकडे हल्ली डाव्याच हाताला रंग लावतात. रहिमतपूरची माझी मामेबहीण तर स्वतःच्या लग्नात डावा हात लालभडक आणि उजवा कोरा अशी उभी राहिली. नवऱ्या मुलाच्या आत्यानं "पोरगी अर्धीच रंगवली का?" असं विचारलं, तेव्हा आमच्या मंडळींनी आत्यालाच गावंढळ ठरवलं. "एवढंबी ठावं न्हाई?" असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

प्रत्येक रंगाची परीक्षा ठरलेली. आधी दादाच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, झाकणाच्या आतल्या बाजूला, एक पट्टा ओढायचा. मग नखांना लावायचा. पहिला दिवस भांड्यांचा, दुसरा धुण्याचा, तिसरा लोणच्याच्या कैऱ्यांचा. जितके दिवस टिकेल तितक्या रेघा टाचणीनं पट्ट्याखाली कोरायच्या. यातून पार पडलेला रंग सांगलीला माहेरी जायचा आणि हळदीत बसायचा. तिथून जो पिवळा न होता परत आला तो घरंदाज.

या परीक्षेचा निकाल दादाला पत्रानं कळवायचं काम माझ्याकडे. वहिनी सांगायची, मी लिहायचो, आणि आई शेजारी तांदूळ निवडत बसलेली असायची. सासूच्या देखत नवऱ्याला आणखी काय सांगणार? रंगाचंच सांगायची. "लिवा भावजी. पेढा पाच दिस टिकला. एका हातात बसतो, पर वाळाय लय उशीर लावतो. धुण्याला टिकला, हळदीला न्हाई." दोन पानं हे. एकदा मला वाटलं, सरहद्दीवर पहाऱ्याला असलेल्या माणसाला हा फापटपसारा कशाला? मी ते सगळं गाळलं आणि त्या जागी 'येथील हवामान आल्हाददायक असून माझा अभ्यास जोमाने सुरू आहे' असं लिहिलं. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. दादाचं उलट टपाली उत्तर आलं. 'रंगाचं काहीच नाही. ती आजारी आहे का? खरं कळव.' वडिलांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "भावजी, आल्हाददायक म्हंजी कंचा रंग वो?" तिनं विचारलं, आणि मी पाणी प्यायला उठलो.

एका सुट्टीत दादा निघायच्या सकाळी एक चमत्कारिक गोष्ट झाली. एस्टीला अर्धा तास होता. वळकटी बांधून झालेली. वहिनी नव्या बाटलीतला रंग डाव्या हाताला लावत होती. चार बोटं झाली आणि दादानं तिच्या हातातून काडी घेतली. हा माणूस वायरलेसच्या केसाएवढ्या तारा जोडायचा, पण त्या दिवशी करंगळीचं त्यानं पार वाटोळं केलं. रंग नखावर थोडा, कातडीवर जास्त, आणि एक ओघळ थेट पेरापर्यंत. मी हसलो. आता निकाल लागणार म्हणून वहिनीकडे बघू लागलो. तिनं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि कसलीच नावं ठेवली नाहीत. त्या रंगाला नावच ठेवलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

चार नखं आठ दिवसांत उतरली. करंगळीला मात्र तिनं हात लावला नाही. भांडी घासताना चिंधी बांधायची. महिने गेले तसा नखाच्या मुळाशी कोरा चंद्र उगवला आणि रंग पुढे पुढे सरकू लागला. नख वाढलं, बोटाच्या बाहेर आलं. "आवं, टोकाला उडालाय. वरनं जरा हात द्या की," मी शहाणपणा केला. ती म्हणाली, "नवा लावला तर त्यो आत्ताचा हुईल. ह्यो त्यांनी लावलेला हाय."

आईला ते नख अजिबात खपत नव्हतं. "नखात इख असतं. काप ते," असं रोज एकदा. आणि अशातच पत्र आलं. सरहद्दीवर गडबड आहे, रजा बंद झाल्या आहेत, केव्हा येईन सांगता येत नाही. मग दोन महिने पत्रच नाही. वडील रोज पोस्टमनला पेठेच्या तोंडाशी गाठायचे आणि हात हलवत परत यायचे. वहिनी ट्रंक उघडून झाकणाकडे बघत बसायची. करंगळीच्या टोकाला आता मसुरीच्या डाळीएवढा रंग उरला होता.

एका सोमवारी ती ब्लेड घेऊन आईपुढे आली. "कापते आत्याबाई. रोज बोलणी कशाला?" आई तांदळातनं मान वर न करता म्हणाली, "आज सोमवार. महादेवाचा वार. आज नगं."

मंगळवार देवीचा निघाला. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवारी तर कुणीच नखं काढत नाही, रविवार खंडोबाचा. मधे बुधवारी आई जरा अडखळली. वहिनी ब्लेड धरून उभी. आई म्हणाली, "बुधवार मुका वार. आज हातात लोखंड धरू ने."

"मग भाकरी उलथण्याशिवाय उलटणार का आज?" मी विचारलं.

"तू इंटरचं बग," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यातही सातही वार असेच गेले. त्याच्या पुढच्याही. आमचे वडील, जे देवाला वर्षातून दोनदा हात जोडायचे, तेसुद्धा सकाळी कॅलेंडर बघून "आज चतुर्थी हाय बरं का" असं स्वयंपाकघराच्या दिशेनं बोलू लागले.  जेवताना आम्ही तिघंही आधी वहिनीच्या डाव्या हाताकडे बघायचो, आणि नखावरची डाळ जागेवर आहे असं दिसलं की घास घ्यायचो.

दादा आला तो शनिवारी भर दुपारी, न कळवता. करंगळीवरची डाळ अर्धीच उरली होती. वहिनी तांब्या घेऊन दारात आली, त्यानं पायांवर पाणी घेतलं, आणि वर बघितलं ते तिच्या तोंडाकडे नव्हे, करंगळीकडे. "एकदम फिट," तो म्हणाला. आईनं डोळ्याला पदर लावला, लगेच काढला आणि खेकसली, "आता तरी काप ते नख. कुणाच्या डोळ्यात जाईल!"

"आई, आज शनिवार," मी म्हणालो.

"मग? शनिवारानं तुझं काय घोडं मारलंय?"

ते नख दादानंच कापलं, आणि त्या दिवशी सगळं घर उगाचच दोन-दोन भाकऱ्या जास्त जेवलं.

पुढे दादा पलटणीतून मोकळा झाला आणि दोघं सांगलीला जाऊन राहिली. आई-वडील गेले. मी इंटर झालो की नाही हे विचारणारी माणसं एकेक करून संपली. गेल्या उन्हाळ्यात दादाही गेला. मी दिवसांना होतो तेवढाच. त्यानंतर सांगलीला जायला मला पाच महिने लागले.

वहिनी खिडकीशी बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. डाव्या करंगळीचं नख मात्र वाढलेलं, आणि टोकाला लाल रंग, तिरका बसलेला. मी बघतोय हे पाहून ती म्हणाली, "दवाखान्यात लावला. हात लय कापत हुता त्यांचा. कडेला समदा फासलाय बगा." एवढ्या वर्षांत तिनं दादाच्या हाताला ठेवलेलं हे पहिलं नाव, आणि तेही ठेवताना ती हसत होती.

तेवढ्यात तिची सून नेलकटर घेऊन आली. पोरगी मायाळू आहे. हळूच म्हणाली, "सासूबाई, आता काढूया का? लागतंय कुठंकुठं. परवा झोपेत गालावर ओरखडा उठला हुता."

 वहिनीनं करंगळी डोळ्यांसमोर धरली. मग माझ्याकडे वळली.

"भावजी, आज वार कंचा?"

"बुधवार," मी म्हणालो. आणि घसा खाकरून सुनेला सांगितलं, "बुधवारी हातात लोखंड धरू नये, पोरी. आमची आई सांगायची."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि नेलकटर पुन्हा फडताळात ठेवला.

"आनि उद्या बेस्तरवार, दत्ताचा," वहिनी म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला.