पाठमोरं गाव

आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर बोलणं संपलं की माणूस लांब जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत उभे राहायचे. मला वाटायचं, माझ्या शर्टाला खडू लागलाय. मी गणित शिकवतो, खडू लागतोच. एके दिवशी त्यांनी मागून हाक मारली.

“सर, डावा खांदा लई पडलाय आज. घरी काय झालंय का?”

वडील मंचरला दवाखान्यात होते आणि मी शाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं गाव लोणीच्या अलीकडचं. वर्गातली निम्मी मुलं मेंढपाळांच्या घरची. त्यांना सर दरवर्षी इटलीतल्या एका जुन्या चित्रकाराची गोष्ट सांगत. नाव जिभेवर बसेना, म्हणून आम्ही सगळे त्याला ‘इटलीवाला’ म्हणायचो. तो लहानपणी मेंढरं राखायचा. दगडावर मेंढी काढताना एका मोठ्या चित्रकाराने त्याला पाहिलं आणि शहरात नेलं. पुढे तो चर्चच्या भिंती रंगवू लागला. ओला गिलावा वाळायच्या आत रंग द्यायचा, चुकलं तर खरवडून पुन्हा लिंपायचं. त्याच्या आधी चित्रातली माणसं ग्रुप फोटोसारखी आपल्याकडे बघायची. याने काही पाठमोरी बसवली. हे सांगताना सर स्वतः फळ्याकडे वळून तसेच बोलत राहायचे. मागे पोरं काय करायची, ते मला शेजारच्या वर्गात ऐकू यायचं.

बिरोबाच्या देवळाला नवा सभामंडप झाला, तेव्हा त्याची मोठी भिंत सरांकडे आली. रोज थोडाथोडा गिलावा करायला गवंडी तयार होईना, म्हणून त्यांनी साध्या रंगांत भागवलं. उन्हाळ्याची सगळी सुट्टी खपून अख्खं गाव काढलं. फेटे, टोप्या, पदर, घोंगड्या. समोर लांबवर देव, आणि सगळं गाव त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे आपल्याकडे पाठ करून उभं.

देवस्थानच्या अध्यक्षांनी भिंत पाहिली आणि ते तापलेच. यात्रेच्या आधी माणसांना तोंडं काढा, नाहीतर भिंतीला ऑइल पेंट मारू, असं त्यांनी बैठकीत बजावलं.

“ती देवाकडं बघत्यात, राव. आपल्याकडं कशाला बघतील?” सर म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सर भिंतीसमोर ब्रश न घेता बसून होते. मला त्यांची फार दया आली. चार तोंडं काढून मोकळे व्हा, असंही मी सुचवून पाहिलं. तेवढ्यात अध्यक्षांची आई दिवा लावायला आली. अध्यक्ष सोबत होतेच. म्हातारी गर्दीतल्या एका पाठीपाशी थांबली आणि तिने त्या माणसाच्या घोंगडीवर हात ठेवला.

“हे आमचं धनी. काटा मोडल्यापासनं टाच टेकत न्हवती त्येंची.”

अध्यक्ष वाकून चित्रातली वडलांची ती उचललेली टाच बघू लागले. तोंडांचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट जो तो आपलं माणूस शोधायला येऊ लागला. एकाच पाठीवर दोन घरांनी हक्क सांगितला, तेव्हा सरांनी दोघांनाही होकार दिला.

इटलीवाला म्हणे कधीकधी कोपऱ्यात स्वतःला काढायचा, आपल्याकडे बघणारा. मग तुम्ही कुठे, असं मी सरांना विचारलं होतं.

“देवाकडं पाठ करून उभा राहू व्हय मी?” एवढंच म्हणाले.

गेल्या थंडीत सर गेले. भिंतीवर ते हवेत, असं गावाने ठरवलं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आणला. पाठमोरे काढ, असं मी त्याला निक्षून सांगितलं होतं. जाऊन पाहतो तर सर कोपऱ्यात उभे, थेट समोर बघत.

“फोटोत पाठ नाय ना, भाऊ,” पेंटर म्हणाला.

मी ते पुसायलाच लावणार होतो. म्हातारीने अडवलं.

“ऱ्हाऊ द्या, सर. समदं गाव देवाकडं बघतंय. आपल्याकडं बघाया कुनीतरी पायजेच की.”

आता देवळातून निघताना मी मागे वळून बघत नाही. पायरी उतरण्याआधी डावा खांदा तेवढा सरळ करतो.