कॅलिबर बदललेल्या सात रायफली

डोळ्याला पट्टी बांधून रुग्णालयात पडलेला तो शिकारी आणि त्याचं मौन माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

वडील पुण्याहून इंजिनिअर म्हणून स्टुटगार्टला आले, तेव्हा मी लहान होतो. पुढे मी इथल्याच पोलीस खात्यात नोकरी केली. मराठी बोलणारा तिथे मी एकटाच.

झिंडेलफिंगेनजवळच्या शूटिंग रेंजवर त्या शिकाऱ्याच्या हातात रायफल फुटली. ती जुनी लष्करी रायफल होती. युद्धानंतर उरलेल्या अशा रायफलींचं कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बदलून त्या शिकारीला वापरतात. त्यात गैर काही नाही. पण ते काम परवानाधारक कारागिराने केलेलं हवं आणि सरकारी चाचणीचा शिक्का हवा. इथे शिक्का बनावट निघाला.

"रायफल कुठून घेतलीत?" मी रुग्णालयात त्याला विचारलं.

"जुन्या बाजारातून."

यापलीकडे तो बोलेना. एक डोळा कायमचा गेला होता, तरी बोलेना.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा पोलीस ठाण्यात फोन आला. "तो नाव सांगणार नाही. रायफल करून देणाऱ्या म्हातारबुवांवर जीव आहे त्याचा. पण तशा रायफली इतरांकडेही आहेत, आणि शिकारीचा हंगाम सुरू झालाय." तिने पत्ता दिला.

आम्ही झडती घेतली. कारागीर सत्तरी ओलांडलेला, घरात एकटा. वर्कशॉप लखलखीत. हाताने घडवलेला शिक्का खणात सापडला, नोंदवही मात्र नव्हती. रायफली कोणाकडे आहेत, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

चौकशीत त्याला हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला. शिक्का आपणच केला, हे लगेच कबूल केलं. गिऱ्हाइकांची नावं विचारली की खिडकीकडे बघायचा. दोन तास गेले. आरोपी स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतो, हा माझा अनुभव. या माणसाने तर स्वतःला वाचवायचा प्रयत्नच केला नव्हता.

शेवटी फॉर्ममधला उरलेला रकाना भरायला घेतला. "घरी आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको गेली त्या वर्षी परवानाही परत केला. हे लोक मात्र रायफल घेऊन येत राहिले. कॉफी घ्यायचे, दुपारभर बसायचे. परवाना नाही म्हणून सांगितलं असतं, तर कशाला आले असते?" मग हळूच म्हणाला, "एक जण तर गेला आठवडाभर फिरकलाच नाही. माझं काही चुकलं का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, रायफल फुटल्याचं याला कोणी कळवलंच नव्हतं. आम्हीही झडतीच्या आदेशावरची कलमंच वाचली होती.

मी सांगितलं. "ते रुग्णालयात आहेत. तुम्ही केलेली रायफल फुटली. डोळा गेला त्यांचा."

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "लिहून घ्या, साहेब." आणि सहा नावं सांगितली, पत्त्यांसकट.

संध्याकाळपर्यंत सहाही रायफली जमा झाल्या. त्यांतल्या दोन दुसऱ्याच दिवशी रानात जाणार होत्या.

शिक्षा झाली, वय बघून ती स्थगित ठेवली. निकालाच्या दिवशी त्या सहांपैकी कोणी आलं नाही. डोळा गमावलेला शिकारी तेवढा आला, मागच्या बाकावर बसला आणि निकाल ऐकून निघून गेला. म्हातारा दाराकडे बघत राहिला. मी कागद आवरून पुढच्या सुनावणीला गेलो. त्याला घरी कोण सोडणार, हे विचारलं नाही.

गुन्हा सिद्ध करण्यात मी कमी पडलो नाही. पण घरी कोण असतं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं रकाना भरण्यापुरता, सर्वांत शेवटी विचारत आलो होतो. त्या दिवशी तो पहिला विचारला असता, तर दोन तास वाचले असते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक चौकशीत मी तोच प्रश्न आधी विचारला, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पेन उचललं नाही.