हिरवळीत भाजलेला राब

तक्रार करणार : भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडीच्या अलीकडे असलेल्या एका ज्येष्ठ नागरिक निवासाचे व्यवस्थापन. जिच्याविरुद्ध तक्रार : माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूबाई, मूळ राहणार दिघाशी, घटनेच्या वेळी मुक्काम सदर निवास, तळमजला, कोपऱ्याची खोली. घटनेचा दिवस : शिमगा उलटल्यानंतरचा पहिला सोमवार, न्याहारीच्या आधी. घटनास्थळ : निवासाची मधली हिरवळ. साक्षीदार : एक, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, रहिवासी समितीचे अध्यक्ष, दोन, व्यवस्थापिका मॅडम, तीन, धूर विरण्याआधी तेथे पोचलेला मी स्वतः, तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसणारा अर्जलेखक. कुणाचेही नाव लिहिलेले नाही ते जाणूनबुजून, कारण यातल्या कुणालाही शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही.

स्वतःच्या नावावर वीतभर जमीन शिल्लक नसताना दिसेल त्या जमिनीशी मालकिणीसारखी वागणारी बाई, ताईच्या सासूबाईंखेरीज, मी दुसरी पाहिलेली नाही. आणि जमिनीची किती भांडणे माझ्या टेबलावरून पुढे गेली आहेत हे तालुक्याला ठाऊक आहे. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मला अर्जवाल्या म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द फेरीवाल्या या शब्दाच्या फार वर चढत नाही. दिघाशीची त्यांची भातखाचरे भावोजींनी गोदामांसाठी विकली. व्यवहार रीतसर होता, कागद माझ्या नजरेखालून गेले होते, मावशींनीही हरकत घेतली नव्हती. फक्त त्या व्यवहाराचा अर्थ त्यांनी आपल्या पद्धतीने लावला : जमीन दिली, खाचरे दिलेली नाहीत. त्यामुळे आज जेथे निळ्या पत्र्यांची प्रचंड शेड उभी आहे ते अजून वडाचे खाचर, कंटेनर वळतात तो लांबोडीचा पट्टा, आणि चौकीदाराची केबिन म्हणजे खळे. एकदा मी त्यांना रिक्षाने तेथून नेत असताना त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि ट्रकच्या सावलीत डबा खात बसलेल्या ड्रायव्हरला विचारले, "भाईसाब, मेरे खाचर में क्या लगाया है?" तो बिचारा उठून उभा राहिला. म्हणाला, "अम्मा, वॉशिंग मशीन." मावशींनी शेडकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "अच्छा आया इस साल?" ड्रायव्हर म्हणाला, "बहुत आया अम्मा, रखने को जगह नहीं." तेव्हा त्या रिक्षात बसल्या आणि अंबाडी येईपर्यंत समाधानात होत्या.

जमीन गेल्यावर घरही गेले आणि भावोजी कल्याणला उंच इमारतीत राहायला गेले. तेथे मावशींचा लिफ्टमध्ये जीव घाबरा होई. दिवसभर घरात एकट्या. ताई आणि भावोजी दोघेही बाहेर. एका दुपारी त्यांनी शेजारणीच्या दारातल्या सगळ्या कुंड्या उपड्या केल्या, माती चाळली, मुळे मोकळी केली आणि पुन्हा भरून ठेवल्या. झाडे त्यानंतर दुप्पट फुलली, परंतु शेजारीण बोलेनाशी झाली. शेवटी या निवासाचे ठरले. ताई रडली. भावोजी म्हणाले, "आये, तितं जमिनीलगत खोली हाय, बाहेर बाग हाय." मावशींनी एवढेच विचारले, "बागंला बांध हाय का?" बांध नव्हता. तरी त्या गेल्या.

निवास चांगला आहे, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करतो. फरशी अशी चकचकीत की तीत पाहून भांग पाडावा. डॉक्टर येतो, भजनाला पेटी आहे, संध्याकाळी सूप मिळते. परंतु मावशींनी पायात चप्पल म्हणून घातली नाही, आणि रोज सकाळी बागेतून आत येणारी चिखलाची पावले पाहून सफाईच्या बाया चिडू लागल्या. प्रत्येक खोलीत पलंगाशी एक लाल बटण असते. छातीत कळ आली, पडझड झाली, तर ते दाबायचे. पहिल्याच पहाटे मावशींचे बटण वाजले. दोन नर्सा, एक वॉर्डबॉय, मागून ऑक्सिजनचे नळकांडे, सगळे धावत आले. "आजी, काय झालं?" मावशी खिडकीशी उभ्या. म्हणाल्या, "उजाडलं." नर्स म्हणाली, "मग?" मावशी म्हणाल्या, "मग काय? सगळी निजलीत. कोनीतरी सांगाया नको?" हिरवळीवर बँकेतले साहेब आणि त्यांची मंडळी हात आडवे पसरून व्यायाम करीत, त्यांच्याकडे बराच वेळ निरखून त्या मला म्हणाल्या, "एवढी बुजगावणी हायत, पन पाखरं कशी भीत न्हायत रं?" हे साहेबांच्या कानी गेले. साहेबांनी लेखी तक्रार केली. मावशींनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात घुसून भाताची पेज काढून घेतली, मीठ घातले, आणि पहिली वाटी साहेबांपुढे ठेवली. "पी. हात पसरून दमला असशील." साहेबांना आयुष्यात कुणी एकेरीत पेज दिली नसावी. त्यांनी ती प्यायली, तक्रार मागे घेतली, आणि पुढे पेजेच्या रांगेत त्यांचाच नंबर पहिला असे.

आता मूळ घटनेकडे येतो. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शिमगा झाला की रोपाच्या तुकड्यावर शेण, काटक्या, पालापाचोळा असे थर द्यायचे, वरून माती पसरायची, आणि वाऱ्याच्या उलट अंगाने ते सावकाश जाळत न्यायचे. तण मरते, माती भुसभुशीत होते, पावसात रोप जोमाने वर येते. मावशींनी हे काम तरुणपणापासून दर वर्षी केले होते. निवासातल्या पहिल्या हिवाळ्यात त्या रोज बागेतला पाला गोळा करू लागल्या, तेव्हा मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी सूचनाफलकावर मावशींचा फोटो लावून खाली लिहिले, आदर्श रहिवासी. पाला कुठे जातो हे कुणी विचारले नाही. तो पाण्याच्या टाकीमागे साठत होता. शेण दिघाशीहून दूध घालायला येणारा गवळी गोणीत भरून आणी. रखवालदाराने हटकले तर तो सांगे, "देवाचं हाय." रखवालदार उत्तरेकडचा, भाविक. गोणीला हात जोडून आत सोडी.

त्या सोमवारी मावशींनी हिरवळीच्या मध्यभागी, चार खाटा मावतील एवढ्या जागेत, राब रचला आणि पेटवला. आधी कडेचे गवत उपटून पट्टा मोकळा केला होता, त्यावर ओली गोणपाटे अंथरली होती, हातात निरगुडीची ओली फांदी होती. आग त्या पट्ट्याबाहेर बोटभरही गेली नाही, हे तिन्ही साक्षीदार शपथेवर सांगतील. परंतु धूर ही गोष्ट कुणाच्या ताब्यात नसते. घंटा घणघणल्या. खुर्च्यांवरची, काठ्यांवरची, नुसत्या टॉवेलवरची माणसे बाहेर आणली गेली. बँकेतले साहेब एका हातात कवळी आणि दुसऱ्या हातात टीव्हीचा रिमोट घेऊन निघाले होते. मावशी धुरात कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "आरं, पाणी नका मारू! अर्धा राहिलाय! रोप पिवळं पडंल!" पाणी मारले गेले. मी पोचलो तेव्हा काळ्या चिखलाशी मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, बनियनवर, साहेब. साहेब त्या वासात डोळे मिटून म्हणाले, "माझ्या आजोळी असाच वास यायचा हो." मी विचारले, "मावशी, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "एवढी जागा हाय आन् नुसतं गवत! गवत खातंय कोन हितं?"

व्यवस्थापनाने ठरवले की मावशींना तिसऱ्या मजल्यावर हलवायचे. तेथे विस्मरण झालेली, भ्रमिष्ट माणसे ठेवतात. खिडक्या चार बोटे उघडतात, जिन्याचे दार बाहेरून बंद असते. खाली यायचे तर आठवड्यातून एकदा, कुणाचा तरी हात धरून. परंतु मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "चुकून झालं आणि पुन्हा होणार नाही, असं लेखी द्या. मी त्यांची खोली राखते." एवढे सोपे काम माझ्याकडे वर्षात आले नव्हते. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या बंद पडलेल्या कारखान्यांना मी नुसत्या अर्जावर वीज परत मिळवून दिलेली आहे. मी रात्र खर्ची न घालता, तेथल्या तेथे, सुवाच्य अक्षरात अर्ज तयार केला आणि मावशींना वाचून दाखवला. "सदर आग माझ्या हातून अनवधानाने लागली असून," येथवर आलो तोच त्यांनी थांबवले.

"अनवधान म्हंजे काय रं?"

"चुकून, मावशी."

"चुकून?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी जणू त्यांच्या चारित्र्यावर काही लिहिले होते. "चुकून पेंढा जलतो. चुकून घर जलतं. राब चुकून भाजत न्हाय. तो भाजाया येवा लागतो. माझ्या सासूनं तीन पावसाळं मना हात लावू दिला न्हवता."

"मावशी, कागदावरचा एक शब्द आहे. खोली राहील."

"शब्द तुझा, अंगठा माझा."

मी समजावले. ताईने फोनवरून समजावले. भावोजी स्वतः आले, आईच्या पायाशी बसले, म्हणाले, "आये, म्हन ना एकदा. माझ्यासाठी म्हन." त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत मावशी म्हणाल्या, "तुझ्यासाठी जमीन दिली ना बाळा. आता मी येडी हाय असं पन लिहून देऊ?" भावोजी उठले ते सरळ गाडीत जाऊन बसले. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

समितीपुढे सुनावणी झाली. मी अंगठ्याविना अर्ज पुढे ठेवला आणि तोंडी बाजू मांडली : वय, प्रथा, ओली गोणपाटे, वाऱ्याची दिशा. मॅडम मायेने म्हणाल्या, "आजी, बाकी सगळं राहू दे. पुन्हा करणार नाही, एवढंच म्हणा." खोलीत सगळ्यांचे प्राण कानात आले. मावशींनी प्रश्न नीट समजून घेतला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले, "आता परत कशाला? यंदाचा झाला ना. पुढच्या साली." कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. ठरावावर पहिली सही अध्यक्षांचीच लागते, ती त्यांनी केली, आणि पेन मिटून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इथे दोघांना ऑक्सिजन लागतो हो." हे खरे होते. अन्याय झाला तर कोणाविरुद्ध लिहायचे हे मला चटकन सुचते. या प्रकरणात सगळे बरोबर आहेत आणि एक म्हातारी कुलपात आहे.

हिरवळीवरचा काळा तुकडा खणून तेथे सिमेंटचे ठोकळे बसवले आणि वर एक बाक ठेवला. मी पंधरवड्याला वर जातो. मावशी स्वच्छ असतात, केस विंचरलेले असतात, वेड्यांत त्या एकट्या शहाण्या असल्यामुळे नर्सा त्यांच्याशीच बोलतात. मागच्या खेपेला त्यांनी आपले पाय चादरीबाहेर काढून मला दाखवले. नर्सा त्यांना रोज मलम लावतात, घासतात. टाचांच्या भेगा, ज्यांत नखाएवढी माती जन्मभर राहिली होती, त्या साफ मिटल्या होत्या. "बग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुना दुसऱ्या बाईचं पाय हायत." मी गोदामाकडचे काही सांगायला लागलो, ते त्यांनी ऐकले नाही. मी उठल्यावर मात्र विचारले, "अर्जवाल्या, वरच्यांना लिवलंस ना? काय म्हनले?" मी म्हणालो, विचाराधीन आहे. त्यांनी विश्वासाने मान हलवली.

विचाराधीन काहीही नाही. निवासाच्या मालकांना, ज्येष्ठांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या कचेरीला, आणि जेथे जेथे पत्ता सापडला तेथे मी लिहिले आहे; पोच आली, उत्तर आले नाही. सबब, ज्यांच्या हाती हे पडेल त्यांना नम्र विनंती की, सदर बाईस येत्या शिमग्यानंतर एक सकाळ, कुणाच्याही श्वासाला त्रास होणार नाही इतक्या लांब, चार खाटांएवढी माती मिळावी. शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे. नकार असला तरी चालेल. परंतु तो कागदावर, सहीशिक्क्यानिशी असावा, म्हणजे मी तो त्यांना वाचून दाखवीन. तोंडी सांगणे माझ्याने होत नाही. उत्तर लवकर मिळावे, ही विनंती.