गॅलरीचा उजवा कोपरा

गारखेड्यातल्या आमच्या घराला पहिल्या मजल्यावर, समोरच्या अंगाला एक लांब गॅलरी होती. बीमच्या बाहेर चार फूट निघालेली, खाली एकही खांब नाही. तिच्याखाली फाटक, माझी मोटरसायकल आणि सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी माझी मुलगी. तिच्यावर आईचे पाण्याचे पाच निळे ड्रम. ही गॅलरी कधीतरी पडणार हे मला बावीस वर्षं ठाऊक होतं. घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

गंमत म्हणजे माझा धंदाच घरं तपासण्याचा. लोक मला बोलावतात, मी हातोडी घेऊन जातो आणि भिंतीवर, स्लॅबवर टकटक करतो. भरीव आवाज आला की पुढं सरकतो. पोकळ, भद्द आवाज आला की थांबतो आणि घरमालकाचं तोंड उतरतं. मग मी त्याला झापतो. स्लॅबला पाणी मारायचा आळस का केला, टेकू इतक्या लवकर कुणी काढायला सांगितले, गळती दिसत असताना नुसता रंग का फासला. माझ्या तोंडाला या कामात चांगलीच धार आली आहे. घरी मात्र दिव्याखाली अंधार.

अशा बिनखांबी गॅलरीची गोष्ट साधी आहे. खोलीचा स्लॅब मधोमध खाली वाकतो, म्हणून त्याचं लोखंड तळाशी असतं. गॅलरी बाहेरच्या टोकाला झुकते आणि ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तिच्या मुख्य सळया वर हव्यात, बीमपाशी तर हव्यातच हव्यात. काँक्रीट पडेपर्यंत त्या वर धरायला गजाचे वाकवलेले तुकडे खाली ठेवतात. त्यांना चेअर म्हणतात. माणसांनी चालायचं ते फळ्या टाकून. कुणी सरळ सळईवर उभं राहिलं की ती खाली बसते, वरून काँक्रीट पडतं आणि बाहेरून सगळं झकास दिसतं. लोखंड आत असतं, पण नको तिथं.

आमचा स्लॅब टाकला तेव्हा मी नुकताच डिप्लोमा झालो होतो आणि देखरेख माझ्याकडं होती. आमच्याकडं स्लॅब म्हणजे अर्धं लग्न. कन्नडहून जीप भरून पाहुणे आले होते. मिक्सरला हळदकुंकू लागलं, खाली बुंदी पाडायला आचारी बसला. मग रिवाजाप्रमाणं मंडळी नारळ फोडायला वर चढली. वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गॅलरीच्या लोखंडापाशी उभे राहिले. साऱ्या आयुष्याची नोकरी त्या घरात ओतलेला माणूस तो. मिस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, गॅलरीत चेअर कमी पडल्यात. लोकं फिरू देऊ नका."

साहेब! पहिल्यांदा कुणी मला साहेब म्हटलं होतं. पण त्या दिवशी आण्णांना 'बाजूला व्हा' म्हणायची माझी छाती झाली नाही. एका नारळानं काय होतंय, असं म्हणून मी उसन्या आणलेल्या कॅमेऱ्यानं त्यांचा फोटो काढला. तेवढ्यात मिक्सर सुरू झाला आणि सळया वर उचलून घ्यायचं राहून गेलं.

त्यानंतर ती गॅलरी माझ्या मागं लागली. दुसऱ्यांच्या घरी हातोडी मारावी आणि आवाज आमच्या गॅलरीचा ऐकू यावा, असं व्हायचं. काही वर्षांनी उजव्या कोपऱ्यात, भिंतीच्या पायाशी फरशीच्या सांध्यात केसाएवढी भेग दिसली. मी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खुणा केल्या, म्हणजे वाढली तर कळेल. आईनं फरशी पुसताना त्या पुसल्या. मी पुन्हा केल्या, तिनं पुन्हा पुसल्या. "पोरीला सांग, भिंतीपाशी रेघोट्या मारू नको म्हणावं," ती मला म्हणाली. मी हो म्हणालो!

आण्णा निवृत्त झाले आणि त्यांनी आपली खुर्ची नेमकी त्याच कोपऱ्यात टाकली. तिथं दुपारनंतर सावली यायची. त्यांना तिथं पाय पसरून बसलेलं पाहिलं की माझं डोकं फिरायचं. त्यांनीच सळया दाबल्या आणि आता वर बसतातही तिथंच, असं मला वाटायचं. एके दिवशी मी ताडकन म्हणालो, "आण्णा, तिथं बसत जाऊ नका."

"का रे?"

"उगाच. सांगतोय ना."

त्यांनी खुर्ची उचलली आणि आत हॉलमध्ये टीव्हीसमोर नेऊन ठेवली. पुन्हा गॅलरीत बसले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. स्लॅबच्या दिवशीचा तोच नारळाचा फोटो मोठा करून आईनं भिंतीवर लावला आणि त्याला चंदनाचा जाड हार घातला. मी त्या फोटोकडं कधी नीट बघत नसे.

मग ड्रम आले. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही जोर नसलेलं. आईनं चितेगावच्या कारखान्यांतून निघालेले निळे ड्रम कुठून तरी मिळवले, घासून घेतले आणि गॅलरीत ओळीनं मांडले. मी रागावलो, पण आईवर माझ्या रागाचा परिणाम शून्य. "पाणी काय तुझ्या डोक्यावर ठिवू?" पाणी आलं की ती खालून पाइप ओढून एकेक ड्रम भरायची. रिकाम्या ड्रमात धार पडताना मोठा आवाज होतो, भरत जाईल तसा तो बारीक होत जातो. खाली जेवताना तो बारीक झाला की माझा घास तोंडाशी थांबायचा. मी छताकडं बघायचो. बायको विचारायची, काय झालं? काही नाही.

या उन्हाळ्यात लासूर स्टेशनला एका व्यापाऱ्याच्या घराची गॅलरी पडली. बघायला मला बोलावलं. वर माणूस नव्हता, नुसती एक वेताची खुर्ची खाली आली होती. तुटलेल्या कडेला सळया दिसत होत्या, सगळ्या तळाशी. मी सवयीनं म्हाताऱ्या मालकाला विचारलं, "लोखंडावर कोण उभं होतं?" तो हात जोडून म्हणाला, "साहेब, पूजा होती हो. आम्हाला कुणी सांगितलंच नाय." मला तिथं उभं राहवेना.

घरी आलो तर पाण्याचा दिवस. आई चौथा ड्रम भरत होती आणि खाली फाटकापाशी मुलगी सायकल पुसत होती. मी आधी तिला ओढून आत घेतलं, मग वर जाऊन आईला गॅलरीतून बाहेर काढलं आणि बावीस वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. नारळ फोडायला आण्णा सळयांवर उभे राहिले, सळया दबल्या, मी गप्प बसलो.

आई ड्रममधलं पाणी बादलीनं उपसून झाडांना घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी खालून टेकू लावले, मगच गॅलरी फोडायला घेतली. आधी टेकू, मग घण, हे शहाणपण मी जगाला शिकवत आलो होतो. डाव्या बाजूच्या सळया चांगल्या वर, जागेवर निघाल्या. उजव्या कोपऱ्यात बीमपाशी मात्र साताठ सळया पार तळाला चिकटलेल्या. आई दारात उभी होती. मी तिला दाखवलं, "बघ, आण्णा इथं उभे होते."

ती आत गेली आणि भिंतीवरचा फोटो घेऊन आली. हार काढला, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिला.

आण्णा नारळ घेऊन उभे होते. मागं डावीकडच्या शेजाऱ्यांचा लिंब होता, म्हणजे ते डाव्या टोकाला होते. आणि त्यांच्या पायाखाली आडवी, रुंद फळी होती.

"मिस्त्रीनं माझ्यासमोर टाकली व्हती ती," आई म्हणाली. "तू फोटो काढायला मागं मागं सरकत गेलास. पार त्या कोपऱ्यापातूर. पाहुणे हसत व्हते, पोरगं पडंल म्हणून."

मला त्या दिवशीचे माझे बूट आठवले. नवे, जड, साइटवर घालायला म्हणून आण्णांनीच घेऊन दिलेले.

"त्यांना वाटायचं," आई म्हणाली, "पोराला आपलं गॅलरीत बसणं खपत नाय. लई मनाला लावून घेतलं त्यांनी. मी म्हणायची, तसं काय नसंल."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. मला रडू आलं आणि आईनं ते येऊ दिलं.

नव्या गॅलरीचा स्लॅब मागच्या महिन्यात टाकला. चेअर मी स्वतः मोजून बांधल्या आणि काँक्रीट पडत असताना एक माणूस फक्त सळया वर आहेत की नाही ते बघायला ठेवला. ड्रम आता खाली जमिनीवर आहेत. नारळ फोडायचाच म्हणून आई हटून बसली. तिच्यासाठी फळी टाकली, ती हलवून पाहिली, मगच तिला उभं केलं. आण्णांचा फोटो तिनं छातीशी धरला होता. "फोटो काढ की," ती म्हणाली.

मी जिना उतरून रस्त्यावर गेलो आणि तिथून काढला. त्यात आई फार लहान दिसते आणि आण्णा तर दिसतच नाहीत. ती वरून ओरडत होती, "अरे, जवळून काढ ना!" मी वर गेलो नाही.