आबांनी माझी चाई तपासली

मंडळी, आज मी डोक्यातली इंजेक्शनं बंदच करणार होते. टाळूजवळ रुपयाएवढी चाई पडलीय. तिथं तीनदा सुया सोसल्या, पण आरशात केस काही दिसेनात.

सकाळी वडील मेंढ्यांची लोकर कातरत होते. म्हटलं, "आबा, आता दवाखाना बास."

त्यांनी कात्री ठेवली, धोतराला हात पुसले आणि मेंढीची नवी लोकर तपासतात तसं चाईवर उलटं बोट फिरवलं. "लव फुटलीय की गं! डोळ्याला दिसत न्हाय, बोटाला लागती."

तशीच भूमच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी भिंगातून बघितलं. "खरंय. चालू ठेवू." चौथी सुई हसत घेतली.

येताना एसटीत सारखं तिथंच बोट फिरवत होते. शेजारच्या मावशी सरकून बसल्या. "उवा झाल्यात व्हय गं?"

अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय मावशी, केस आलेत!"